अम्माऊस नक्की कुठलं? अबू गोश, लाट्रुन की कुबेबा?

ताई, आईला घेऊन पॅरिशच्या ग्रुपबरोबर होली लँडला जाताय, वाचून खूप बरं वाटलं. पुनरुत्थानाच्या दिवशी ज्या गावी भाकर मोडताना दोन शिष्यांना येशूची ओळख पटली त्या अम्माऊसबद्दल तुम्ही विचारलंय, की टूरच्या कार्यक्रमात "अम्माऊस (अबू गोश)" असं छापलंय, पण मावशी मागे गेल्या तेव्हा त्यांना लाट्रुनजवळचे पडके अवशेष दाखवून हेच अम्माऊस असं सांगितलं होतं, आणि तुमच्या गावच्या जुन्या फादरांचा तर कुबेबा नावाच्या तिसऱ्याच गावात मिस्सा (पवित्र भाकरीचा प्रार्थनाविधी) करतानाचा फोटो आहे, मग खरं अम्माऊस कुठलं आणि यात आपल्याला कुणी फसवतंय का. मी बरीच वर्षं वसई, मुंबई, पुण्याकडचे ग्रुप घेऊन तिकडे जातोय. बेथलेहेम किंवा नासरेथबद्दल असं कुणी विचारत नाही, अम्माऊसबद्दल मात्र हमखास विचारतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, निवांत वाचा.

पहिली गोष्ट, फसवत कुणीच नाहीये. या तिन्ही ठिकाणी माणसांनी शेकडो वर्षं अम्माऊस म्हणूनच प्रार्थना केलेली आहे, आणि एक चौथं ठिकाणही आहे जिथे कुठलीच टूरची बस थांबत नाही पण अभ्यासक त्याच्यावर बरंच बोलतात. शंभर टक्के पुरावा कुठल्याच ठिकाणाचा नाही. तरी सगळ्यांची पारडी सारखीच असं मी म्हणणार नाही, माझं मत लाट्रुनजवळच्या अम्माऊसला आहे, ज्याला रोमन काळात निकोपोलिस म्हणायचे आणि अरबीत इम्वास म्हणतात. का, ते पुढे सांगतो, आणि त्याच्या विरोधात काय जातं तेही सांगतो.

मुळात अम्माऊस संपूर्ण नव्या करारात फक्त एकदा येतं, लूकच्या शुभवर्तमानात अध्याय २४ मध्ये. (मार्कच्या शेवटी गावाकडे चाललेल्या दोघांचा ओझरता उल्लेख आहे पण गावाचं नाव नाही.) रविवार, पुनरुत्थानाचा दिवस. दोन शिष्य यरुशलेम सोडून चाललेत, एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव लूक देतच नाही. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालायला लागतो, काय बोलताय म्हणून विचारतो, हे दोघं उदास चेहऱ्याने थांबतात आणि सगळं सांगतात, की नासरेथच्या येशूकडून आम्हाला केवढी आशा होती, त्याला क्रुसावर दिलं, आज तिसरा दिवस, आणि सकाळी बायका कबरीकडे जाऊन आल्या, त्या तर काहीतरी वेगळंच सांगतायत. मग तो माणूस मोशेपासून सुरू करून सगळे संदेष्टे त्यांना उलगडून सांगतो. गाव जवळ येतं, तो पुढे जायला निघाल्यासारखं करतो, हे दोघं त्याला आग्रह करकरून थांबवतात कारण दिवस कलला आहे. जेवायला बसल्यावर तो भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो, त्यांच्या हातात देतो, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटते आणि तो दिसेनासा होतो. ते तसेच उठतात आणि त्याच घटकेला परत यरुशलेमला जातात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पहिलं भांडण त्याच्यावरच आहे.

दुसरं भांडण अंतराचं. बहुतेक जुन्या हस्तलिखितांत लूक म्हणतो की गाव यरुशलेमपासून ६० स्तादिया लांब होतं. एक स्तादियोन साधारण १८५ मीटर धरला तर ६० म्हणजे ११ किलोमीटर, आपल्या हिशोबाने साडेतीन कोस. पण काही हस्तलिखितांत, आणि त्यात चौथ्या शतकातलं कोडेक्स सायनायटिकस आहे म्हणजे काही किरकोळ हस्तलिखित नव्हे, १६० स्तादिया लिहिलेलं आहे, म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर. ६० वालं वाचन जास्त ठिकाणी आणि त्याहून जुन्या प्रतींतही सापडतं, म्हणून आपल्या छापील बायबलमध्ये तेच घेतलंय. आता गंमत बघा, इम्वास यरुशलेमपासून बरोबर त्या १६० च्या आसपास आहे. काही अभ्यासक म्हणतात की आधी आकडा ६० होता, पण पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती लोकांना अम्माऊस कुठे आहे हे माहीत होतं म्हणून त्यांनी तो १६० केला. दुसरे म्हणतात की आधी १६० होता आणि नक्कल करताना शंभराचं अक्षर गळालं (ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनीच लिहायचे). दोन्ही शक्य आहे. पण पहिल्या गटाचंच म्हणणं खरं मानलं तरी त्यातून एक गोष्ट निघते जी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे, ती म्हणजे तिथल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची आठवण इतकी पक्की होती की त्यांनी हातातल्या पोथीपेक्षा त्या गावावर जास्त भरवसा ठेवला.

आणि ही आठवण लिहूनही ठेवलेली आहे. कैसरियाचा बिशप युसेबियस, त्याच देशातला माणूस, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बायबलमधल्या ठिकाणांची यादी करतो आणि त्यात सरळ लिहितो की क्लयपाचं अम्माऊस म्हणजे आताचं निकोपोलिस. संत जेरोम, जो बेथलेहेममध्ये राहून बायबलचं लॅटिन भाषांतर करत होता, तो रोमहून आलेल्या पॉला या श्रीमंत विधवेच्या यात्रेबद्दल लिहितो, त्यात ती निकोपोलिसला गेली जे पूर्वी अम्माऊस होतं, आणि भाकर मोडताना प्रभू तिथे ओळखला गेला आणि क्लयपाचं घर चर्च झालं असं आहे. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन तिथल्या एका झऱ्याबद्दल सांगतो, येशूने शिष्यांबरोबर तिथे पाय धुतले म्हणून त्या पाण्याने आजारी माणसं आणि जनावरंसुद्धा बरी होतात अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणजे पहिली हजार वर्षं यात्रेकरूला अम्माऊस कुठे विचारलं असतं तर त्याने एकच ठिकाण दाखवलं असतं. बाकीची सगळी ठिकाणं त्यानंतर पुढे आलेली आहेत. मी ग्रुपला नेहमी हेच सांगतो, की जुनी आठवण चुकू शकते, पण ती बाजूला सारायची तर तेवढंच भक्कम कारण पाहिजे.

या गावाचा इतिहास लूकच्या आधीपासूनचा आहे. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबींचा पहिला ग्रंथ आहे ना, (प्रॉटेस्टंट बायबलमध्ये तो नसतो), त्यात यहुद्यांचा पुढारी यहूदा मक्काबी सेल्युसिड (सीरियाच्या ग्रीक) राजाच्या सैन्याला अम्माऊसजवळ हरवतो, इ.स.पू. १६५ च्या सुमारास. डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथलं हे गाव, किनाऱ्याकडून यरुशलेमला चढणारा रस्ता इथूनच, म्हणून ज्याला यरुशलेम हवंय त्याला आधी अम्माऊस घ्यावं लागायचं. इ.स.पू. ४ मध्ये, हेरोद मेल्यानंतरच्या बंडात, रोमन सेनापती वारूसने हे गाव जाळलं. यहुदी इतिहासकार जोसेफस ते सांगतो. लोक आक्षेप घेतात की लूक तर "गाव" म्हणतो आणि अम्माऊस तर मोठं, जिल्ह्याचं ठिकाण होतं, त्यांनी ही आग लक्षात घ्यायला हवी, येशूच्या वेळेला ते जळून गेल्यावर पुन्हा उभं राहत असलेलं गावच असणार. पुढे इ.स. ६८ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पेशियनने पाचव्या लिजनचा, म्हणजे सैन्यदलाचा, तळ इथे टाकला, त्या सैनिकांचे कोरीव कबरीचे दगड इथेच सापडलेत. तिसऱ्या शतकात जूलियस आफ्रिकानस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रोमच्या बादशहाकडे शिष्टमंडळ नेलं आणि गावाला शहराचा दर्जा आणि निकोपोलिस हे नाव मिळवून आणलं. मुसलमान इतिहासात हेच गाव एका मोठ्या साथीसाठी आठवलं जातं, इ.स. ६३९ च्या सुमाराची अम्वासची प्लेग, तिच्यात पैगंबरांचे जवळचे साथीदार आणि सेनापती अबू उबैदा गेले. बघा, एकाच गावाला यहुदी आठवतात लढाईसाठी, मुसलमान आठवतात साथीसाठी आणि आपण आठवतो एका जेवणासाठी.

आता विरोधातला मुद्दा, आणि तो खरोखर वजनदार आहे. ३० किलोमीटर चालत जायचं आणि जेवता जेवता उठून त्याच घटकेला ३० किलोमीटर परत, तेही चढावर? यरुशलेम साधारण ७५० ते ८०० मीटर उंचीवर, इम्वास २०० च्या आसपास, म्हणजे परतीला पाचशे मीटरहून जास्त चढ. मी यावर ग्रुपमध्ये वारीचं उदाहरण देतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो एका दिवसाचा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये दिवे घाट, आणि त्यात साठी-सत्तरीची माणसं चालतात. म्हणजे एका दिवसात तीस किलोमीटर अशक्य अजिबात नाही. पण दुप्पट? कठीण आहे, अशक्य नाही. हे दोघं सकाळी बायकांची बातमी ऐकून निघाले, उताराने सहा-सात तासांत पोचले, "दिवस कलला" हे दुपारनंतर कधीही म्हणता येतं, मग परतीला मध्यरात्रीच्या आत-बाहेर यरुशलेम. शिवाय हे घडलं ते वल्हांडणाच्या यहुदी सणाच्या दिवसांत आणि तो सण पौर्णिमेला असतो, त्यामुळे त्या रविवारी रात्री सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात जवळजवळ पूर्ण चंद्र वर आलेला असणार, रस्ता दिसायला अडचण नाही. आणि मेलेला माणूस जिवंत भेटलाय, कोण झोपेल हो त्या रात्री? तरी मी मान्य करतो की साध्या वाचकाला ११ किलोमीटर जास्त पटतं, आणि नेमकं याच कारणाने बाकीची ठिकाणं जन्माला आली.

क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धासाठी युरोपातून आलेले ख्रिस्ती सैनिक, आले तेव्हा मधल्या काळात बरंच मोडलं होतं. बाराव्या शतकात त्यांनी काय केलं, की यरुशलेमपासून ६० स्तादिया मोजले, पाण्याची जागा बघितली, आणि अबू गोशला नाइट्स हॉस्पिटलर या क्रुसेडर संघाच्या लोकांनी एका झऱ्यावर मोठं दगडी चर्च बांधलं. तुमच्या टूरमध्ये जे आहे ते हेच. गंमत म्हणजे त्यांनी इम्वासलाही जुन्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या) चर्चच्या अवशेषांत स्वतःचं छोटं चर्च बांधलं, म्हणजे त्यांचंही एकमत नव्हतं. अबू गोशचं चर्च मात्र बघण्यासारखं आहे यात शंकाच नाही. भिंती इतक्या जाड की बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर अंगावर गारवा येतो, भिंतींवर बायझंटाइन धाटणीची बाराव्या शतकातली चित्रं आहेत, त्यातले बरेच चेहरे खरवडून काढलेले आहेत पण कपड्यांचे रंग आणि तेजोवलयं अजून शाबूत आहेत. खाली तळघरात उतरलात की झऱ्याचं पाणी अजून दिसतं. बाहेरच्या भिंतीत रोमन दहाव्या लिजनच्या तुकडीचा कोरीव दगड बसवलेला आहे, तो सहसा कुणी दाखवत नाही, तुम्ही विचारून बघा. १९७६ पासून तिथे बेनेडिक्टाइन संन्यासी आहेत, संन्यासिनींचाही मठ आहे, आणि त्यांची सायंप्रार्थना त्या दगडी कमानींखाली ऐकायला मिळाली तर सोडू नका. जागा फ्रान्स सरकारच्या मालकीची आहे, दारावर फ्रेंच झेंडा बघून गोंधळू नका.

अबू गोशचं स्वतःचं बायबलमधलं स्थान वेगळंच आणि पक्कं आहे. गावाच्या वरची टेकडी म्हणजे जुन्या करारातलं किर्याथ-यारीम, जिथे पलिष्ट्यांकडून परत आलेला कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) वीस वर्षं राहिला, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अध्याय ७ वाचा, आणि मग दावीद तिथून तो यरुशलेमला घेऊन गेला. टेकडीवर १९२४ सालचं चर्च आहे, वर मरियामातेचा मोठा पुतळा, हायवेवरून दिसतो. माझ्या मते अबू गोशला जाऊन ही गोष्ट न सांगता फक्त अम्माऊस अम्माऊस करणं म्हणजे त्या जागेवर अन्याय आहे.

कुबेबा. यरुशलेमच्या वायव्येला, हेही ६० स्तादियाच्या हिशोबात बसतं. क्रुसेडरांचं राज्य गेल्यावर अबू गोशचा रस्ता यात्रेकरूंना अवघड झाला आणि हळूहळू फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या लोकांनी आपला अम्माऊसचा सण कुबेबाला नेला. १८६१ मध्ये पॉलीन द निकोले या फ्रेंच बाईने ती जागा विकत घेऊन फ्रान्सिस्कनांना दिली, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आताचं चर्च झालं, आत एका बाजूला जुन्या घराच्या भिंतींचे अवशेष राखलेत, क्लयपाचं घर म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इटालियन फ्रान्सिस्कनांना इथे नजरकैदेत ठेवलं होतं, त्यातले एक फादर बेलार्मिनो बगात्ती हे पुराणवस्तूंचे जाणकार, त्यांनी तो वेळ उत्खननात घालवला आणि जुन्या रोमन रस्त्याच्या कडेला क्रुसेडर काळातलं अख्खं गाव उघडं केलं. आजही ईस्टरनंतरच्या सोमवारी फ्रान्सिस्कन तिथे मिस्सा करतात, भाकरीला आशीर्वाद देऊन वाटतात. तुमच्या फादरांचा फोटो त्यामुळे अगदी बरोबर आहे, त्यांच्या काळात बहुतेक कॅथलिक ग्रुप तिकडेच जायचे. आता का जात नाहीत, तर कुबेबा वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात आहे, भिंत आणि चेकपॉइंटमुळे बसला मोठा वळसा पडतो, आणि अर्धा दिवस तिकडे गेला तर बाकीचा कार्यक्रम कोलमडतो. हे भूगोलाचं आणि राजकारणाचं कारण आहे, श्रद्धेचं किंवा पुराव्याचं नाही, हे मात्र आईला नक्की सांगा.

चौथं ठिकाण मोत्सा, यरुशलेममधून बाहेर पडताना हायवेच्या उतारावर लगेच. जोसेफस सांगतो की यहुद्यांशी झालेल्या युद्धानंतर व्हेस्पेशियनने ८०० निवृत्त सैनिकांना अम्माऊस नावाच्या जागी वसवलं आणि ते यरुशलेमपासून ३० स्तादिया होतं. जाऊन येऊन ६० होतात म्हणून काही अभ्यासकांना हे आवडतं, आणि परत येण्याचा प्रश्नही सुटतो. पण तिथे कुणी ख्रिस्ती माणसाने कधी अम्माऊस म्हणून वेदी उभी केली नाही, चर्च नाही, यात्रा नाही. अंतर छान जुळतं पण आठवण शून्य, म्हणून माझ्या मते ते मागे पडतं.

आता इम्वासबद्दल जे सहसा टूरवर सांगत नाहीत ते सांगतो. एकोणिसाव्या शतकात लोक पुन्हा या जागेकडे वळले, बेथलेहेमच्या कार्मेल मठातली मरियम बवार्दी नावाची अरब सिस्टर, जी २०१५ मध्ये संत घोषित झाली, तिने १८७८ मध्ये इथे येऊन हीच ती जागा असं सांगितलं, मग मठाने जमीन घेतली, उत्खनन झालं, १९२४ पासून व्हिन्सेंट आणि आबेल या दोन डोमिनिकन विद्वानांनी पुढचं काम केलं. सापडलं काय, तर बायझंटाइन बासिलिका, मोझेकच्या फरश्या, दगडात कोरलेलं बाप्तिस्म्याचं कुंड. आधी एका खांबाचा माथा सापडला होता, त्याच्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये "देव एकच" आणि दुसऱ्या बाजूला हिब्रूमध्ये "त्याचं नाव सदासर्वदा धन्यवादित असो" असं कोरलेलं. आज १९९३ पासून बीटिट्यूड्स या कॅथलिक समुदायाचे लोक तिथे राहतात आणि जागा सांभाळतात.

पण या सगळ्या काळात तिथे एक जिवंत गाव होतं. इम्वास नावाचं अरब मुसलमान गाव, ज्याने दोन हजार वर्षं ते नाव जपलं म्हणून तर आपल्याला जागा सापडली. जून १९६७ च्या युद्धात इस्रायली सैन्याने इम्वास आणि शेजारची यालो आणि बैत नुबा ही तिन्ही गावं रिकामी करवली आणि घरं पाडली, हजारो माणसं रामल्लाकडे आणि पुढे जॉर्डनकडे चालत गेली, परत येऊ दिली नाहीत. त्या जमिनीवर नंतर कॅनडातल्या देणग्यांमधून कॅनडा पार्क उभं राहिलं, शनिवारी तिथे लोक पिकनिकला येतात. चर्चच्या अवशेषांच्या पलीकडे गेलात तर पाइनच्या झाडांमध्ये निवडुंगाच्या रांगा दिसतील, त्या घरांच्या आणि शेतांच्या कुंपणाच्या आहेत, आणि मधूनच एखादा दगडी चौथरा. मी प्रत्येक ग्रुपला तिथे नेतो आणि हे सांगतो. काही जणांना वाटतं तीर्थयात्रेत राजकारण कशाला, पण त्या दोघांनी ज्या गावात परक्या माणसाला घरात घेतलं त्या गावाच्या लोकांचं काय झालं हे न सांगता मला तो उतारा वाचता येत नाही.

परंपरेत या गावाला एवढं महत्त्व का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण आईला सांगायला उपयोगी पडेल. आपली मिस्सा बघा, आधी शास्त्रवाचन आणि प्रवचन, मग भाकर घेणं, आशीर्वाद, मोडणं, देणं. अम्माऊसच्या वाटेवर नेमकं याच क्रमाने घडलं. म्हणून चर्च हा उतारा दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी वाचतं, आणि तीन वर्षांच्या चक्रातल्या "अ" वर्षी ईस्टरच्या तिसऱ्या रविवारी. सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी पहिले यांनी यावर एक सुंदर गोष्ट सांगितली आहे, की वचन ऐकताना त्या दोघांना तो ओळखू आला नाही, परक्याला जेवायला बसवलं तेव्हा ओळखू आला. जर्मन भाषिक देशांत ईस्टरच्या सोमवारी गावोगावचे लोक "अम्माऊसची वाट" म्हणून चालायला जातात. कारावाज्जोने हा प्रसंग दोनदा रंगवलाय, १६०१ चं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात एका शिष्याच्या छातीवर यात्रेकरूंचा शिंपला लावलेला आहे, म्हणजे चित्रकाराने त्यांना आपल्यासारखे यात्रेकरूच केलंय. आणि तो बिनानावाचा दुसरा शिष्य, जुना ख्रिस्ती विद्वान ओरिजेन त्याला सिमोन म्हणतो, कुणी म्हणतं स्वतः लूक, आणि अलीकडे बरेच जण म्हणतात क्लयपाची बायको असावी, कारण योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसापाशी "क्लोपाची मरिया" उभी आहे. सिद्ध होत नाही, पण एकाच घरी जेवायला बसलेत म्हटल्यावर मला हे शेवटचं सगळ्यात साधं आणि जवळचं वाटतं, आणि ग्रुपमधल्या नवरा-बायकोंना मी तो उतारा शेजारी बसून वाचायला सांगतो.

अजून एक, इम्वासहून लोद आणि रामले ही शहरं अगदी जवळ, आणि तिथे कोकणातून गेलेले बेने इस्राएल (मराठी यहुदी) लोक आहेत, त्यातली जुनी पिढी घरात अजून मराठी बोलते. त्या मंडळींना लाट्रुन माहीत असतं ते १९४८ च्या लढाईसाठी आणि तिथल्या किल्ल्यातल्या रणगाड्यांच्या म्युझियमसाठी, आणि हनुका या यहुदी सणाच्या यहूदा मक्काबीसाठी. ग्रुपमधल्या वसईच्या मंडळींना तिथे कुणी "कुठनं आलात?" असं अलिबागच्या सुरात विचारलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. वेळ असेल तर रामलेच्या बाजारात भारतीय दुकानात चहाला थांबा.

आता तुमच्या टूरचं. अबू गोश कार्यक्रमात आहे तर तसंच राहू द्या, पण ऑपरेटरला विचारा की एअरपोर्टला जायच्या दिवशी लाट्रुनला दीड तास मिळेल का, कारण बेन गुरियन एअरपोर्टच्या वाटेवरच आहे आणि हायवेवरून वेगळा वळसा जवळपास नाही. ज्यांच्यात दम आहे अशांसाठी अबू गोशकडून इम्वासपर्यंत झाडीतून जाणारी साधारण १८ ते २० किलोमीटरची अम्माऊसची पायवाटही आहे, पण आई बरोबर असताना ती नको. मिस्सा करायची असेल तर फादरांनी तिथल्या मठाला किंवा समुदायाला आधी लिहून वेळ घ्यावी लागते, आयत्या वेळी होत नाही, आणि रविवारी ही ठिकाणं बघणाऱ्यांसाठी बंद असू शकतात, तेव्हा वार आधी कन्फर्म करा. इम्वासला अवशेषांतून चालताना जमीन ओबडधोबड आहे, चपला नकोत, मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल घाला आणि उन्हाची टोपी घ्या. अबू गोशला तळघराच्या पायऱ्या उंच आहेत, आईचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वर चित्रांपाशी बसवा आणि तुम्ही खाली जाऊन या. लूकचा अध्याय २४ मराठीत मोठ्या अक्षरात प्रिंट काढून न्या, ओवी १३ ते ३५, मोबाईलवर उन्हात काही दिसत नाही. सध्याच्या परिस्थितीत कुठला रस्ता कधी चालू असेल ते आदल्या आठवड्यातच कळतं, त्यामुळे निघायच्या आधी कार्यक्रमाची शेवटची कॉपी आली की त्यातला अम्माऊसचा दिवस आणि वार मला पाठवा, लाट्रुनला थांबायची वेळ कुठे बसवता येईल ते बघून सांगतो.